जादा दिवे डिपरच्या आज्ञेत

दिवाळी सरत आली की पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रात्रीच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. मध्यरात्र उलटलेली, थंडी मी म्हणत असलेली, बैल आपल्या चालीने चाललेले आणि गाडीवान कांबळे पांघरून बसलेला, असे दृश्य कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून अहिल्यानगर, सोलापूरपर्यंत कोठेही दिसावे. अशा गाडीला मागे दिवा नसतो. हंगामाच्या प्रारंभी साखर कारखाने व परिवहन खाते यांच्याकडून परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम घेतली जाते. तथापि चार फेऱ्यांत ती पट्टी धुळीने माखते, किंवा उसाच्या लोंबत्या वाढ्यांखाली झाकून जाते. मागून भरधाव येणाऱ्या मोटारीच्या चालकास ही गाडी वेळीच दिसली पाहिजे. सारा प्रश्न या ‘वेळीच’ शब्दात सामावलेला आहे.

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार दर सेकंदास सुमारे २२ मीटर पुढे जाते. अडथळा नजरेस पडल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणतः दीड सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत ३३ मीटर अंतर ओलांडले जाते. ब्रेक लागल्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर गाडी पूर्णपणे थांबण्यास आणखी ३५ ते ४० मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर ७० मीटरांच्या घरात जाते. आता हेडलाईटचा खालचा झोत, ज्यास चालकमंडळी ‘डिपर’ म्हणतात, तो समोरचे स्पष्ट दाखवितो ते जेमतेम ४० ते ६० मीटरपर्यंत. हिशेब जुळत नाही, हे उघड आहे. वरच्या झोताने, म्हणजे ‘अप्पर’ने, तो जुळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार रात्री वाहनाच्या दिव्यांनी पुढील १५५ मीटर अंतरावरील माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत, अशी अपेक्षा आहे.

जुन्या गाडीच्या पिवळसर पडलेल्या काचा, मंद झालेले परावर्तक आणि गंजलेले जोड यांमुळे वरचा झोतही कित्येकदा अपुरा पडतो. विदर्भ-मराठवाड्यातील लांबच लांब सरळ रस्त्यांवर रात्रीचा प्रवास नित्याचा असणाऱ्यांना तर तो हमखास अपुरा वाटतो. मग बंपरवर आणखी दोन दिवे बसविले जातात. हे दिवे धुक्याच्या दिव्यांहून वेगळे होत. धुक्याच्या दिव्याचा झोत रुंद व जमिनीलगत पसरणारा असतो. येथे ज्यांचा विचार करावयाचा त्या जादा दिव्यांचा झोत अरुंद व दूरवर जाणारा असतो आणि वरच्या झोताला जोड देणे एवढेच त्यांचे काम असते. घाटात त्यांचा उपयोग बेताचाच. वळणावर लांबचा झोत दरीत किंवा कड्यावर पडतो, रस्त्यावर नव्हे. पावसाळ्यात आंबोली किंवा ताम्हिणी घाटातील ढगात तर ते लावूच नयेत. धुक्याच्या कणांवरून परतलेला प्रकाश चालकाच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

समोरून येणाऱ्याचे काय?

ज्या दिव्याने गाडीवानाचा जीव वाचावयाचा, त्याच दिव्याने समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव जाऊ शकतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला की ते दिपतात आणि पूर्ववत पाहू लागण्यास त्यांना काही सेकंद लागतात. वाढत्या वयात हा अवधीही वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेला दुचाकीस्वार तीन सेकंदांत ५० मीटर जातो. हे ५० मीटर तो अक्षरशः आंधळेपणाने कापतो. याच ५० मीटरांत उसाची एखादी गाडी असली, तर ती कोणाच्या दिव्यांमुळे दिसली नाही, हे पंचनाम्यात कोठेही नमूद होत नाही.

हा धोका मोटारीइतकाच जुना आहे. एकेकाळी अनेक शहरांत हेडलाईटच्या काचेवर काळा ठिपका अथवा पट्टा रंगविलेला असे. मालमोटारींच्या पाठीवर आजही ‘यूज डिपर ॲट नाईट’ अशी विनवणी रंगविलेली आढळते. जुन्या जीपगाड्यांत डिपरचे बटण चालकाच्या डाव्या पायाशी असे. आता ते स्टीअरिंगखालच्या दांडीवर आले आहे. साधन बदलले, अपेक्षा तीच राहिली: समोरून वाहन येताच वरचा झोत विझावा.

जादा दिव्यांच्या बाबतीत नेमकी येथेच चूक होते. गॅरेजमध्ये पुष्कळदा बॅटरीपासून एक वायर थेट डॅशबोर्डवरील बटणाकडे आणि तेथून दिव्यांकडे नेली जाते. दिवे लागतात, मालक खूश होतो. परंतु समोरून वाहन आल्यावर चालकाने सवयीने डिपर दिला तरी हेडलाईट तेवढा खाली येतो. जादा दिवे मात्र तसेच तळपत राहतात. ते विझविण्यासाठी दुसरे बटण शोधावे लागते. रात्री दीडशे किलोमीटरांच्या प्रवासात शेकडो वाहने समोरून येतात. दर वेळी दोन बटणे दाबण्याची दक्षता अत्यंत सज्जन चालकाकडूनही राहणार नाही. यास्तव ही दक्षता चालकाच्या स्वभावावर न सोपविता तारेवर सोपवावी, हे शहाणपणाचे. वरच्या झोताकडे जाणाऱ्या वायरीतूनच जादा दिव्यांना हुकूम मिळावा. तो झोत विझला की तेही त्याच क्षणी विझावेत. वाहनांच्या दिव्यांसंबंधी संयुक्त राष्ट्रांचा जो ४८ क्रमांकाचा विनियम अनेक देशांत मान्य आहे, त्यातही वरच्या झोतावरून खालच्या झोतावर येताना वरच्या झोताचे सर्व दिवे एकाच वेळी विझले पाहिजेत, असेच सांगितले आहे.

हुकूम एका वाटेने, प्रवाह दुसऱ्या

मग वरच्या झोताच्या वायरीलाच जादा दिवे जोडले तर काम भागले, असे कोणास वाटेल. काही कारागीर तसे करतातही. त्यातील धोका साध्या गणिताने कळतो. प्रत्येकी ५५ वॉटच्या दोन दिव्यांना १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. हेडलाईटमधील ६० वॉटचे दोन तंतू मिळून आधीच १० अँपिअर घेत असतात. म्हणजे जी वायर, जे बटण व जो फ्यूज दहाच्या हिशेबाने बसविलेला, त्यांतून एकोणीस अँपिअर जाऊ लागतात. फ्यूज चांगला असेल तर तो वितळतो व भर रस्त्यात काळोख होतो. फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घातलेली असेल, तर फ्यूजऐवजी वायरीचे आवरण वितळते. त्यापुढील अवस्थेचे वर्णन करण्याचे कारण नाही.

यावरचा उपाय म्हणजे रिले. अवघ्या शे-दोनशे रुपयांची ही काडेपेटीहून लहान डबी. तिच्या आत तारेचे एक वेटोळे असते. त्यातून अल्पसा प्रवाह गेला की त्याचा चुंबक बनतो, तो एक लोखंडी पट्टी ओढून घेतो आणि त्या पट्टीमुळे दुसऱ्याच एका वाटेवरील जाड संपर्कबिंदू एकमेकांना टेकतात. वेटोळ्यास लागणारा प्रवाह अँपिअरच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसतो. संपर्कबिंदूंतून मात्र तीस अँपिअरही निर्धोक जाऊ शकतात. ही युक्ती मूळची तारायंत्राची. लांबच्या तारेतून येताना क्षीण झालेल्या प्रवाहाने चुंबक चालवावयाचा आणि पुढच्या टप्प्याच्या बॅटरीतून ताजा प्रवाह सोडावयाचा, ही पद्धत एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली. रिले हे नाव तर त्याहून जुन्या, टप्प्याटप्प्यावर थकलेले घोडे बदलण्याच्या व्यवस्थेवरून आले. आपल्याकडील डाकचौक्यांचा कारभार याहून फारसा निराळा नव्हता.

सर्वसाधारण रिलेला चार पिना असतात व त्यांजवर ३०, ८७, ८५ आणि ८६ हे अंक कोरलेले असतात. जर्मन मानकातून आलेले हे अंक आज बहुतेक सर्वत्र आढळतात. ३० वर बॅटरीच्या धन टोकाकडून, फ्यूजमधून, जाड वायर यावी. ८७ वरून तीच जाड वायर दोन्ही दिव्यांकडे जावी. ८६ वर वरच्या झोताच्या वायरीतून घेतलेली बारीक वायर यावी आणि ८५ गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे अर्थला, जोडावी. पाच पिनांचा रिले मिळाल्यास ‘८७ अ’ या मधल्या पिनेस हात लावू नये. रिले निष्क्रिय असताना ती पिन जोडलेली असते. दिव्यांची वायर चुकून तेथे लागली तर वरचा झोत बंद असताना जादा दिवे पेटतील. दिवसभर पेटलेले असे दिवे घेऊन फिरणारी गाडी एखाद्यास दिसली, तर त्याने त्यामागील कारण ओळखावे.

८६ कडे जाणारी बारीक वायर थेट न नेता डॅशबोर्डवरील एका छोट्या बटणातून न्यावी. या एका गोष्टीने सारी रचना पूर्ण होते. बटण चालू आणि वरचा झोतही चालू, अशा दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच रिले ओढला जातो. बटण बंद ठेवून शहरात नुसता हेडलाईट वापरता येतो. पण केवळ बटण दाबून जादा दिवे पेटविता येत नाहीत. चालकास नकाराचा अधिकार आहे, मनमानीचा नाही, असे या बटणाचे वर्णन करता येईल. ओव्हरटेक करताना दांडी ओढून क्षणभर इशारा दिला की जादा दिवेही क्षणभर चमकतात. कोणास ते नको असल्यास बटण बंद ठेवावे.

वायर, फ्यूज आणि अर्थ

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. पुष्कळांची समजूत अशी की, फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो. वस्तुतः तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. बॅटरी व फ्यूज यांमधील वायर कोठे घासून पत्र्यास टेकली, तर तिला वाचविणारे काहीच नसते; म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा. दोन ५५ वॉटच्या दिव्यांसाठी १५ अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १२ ऐवजी चौदाच्या आसपास व्होल्ट देतो व प्रवाह थोडा वाढतो, तोही त्यात सामावतो. ‘वारंवार उडू नये’ म्हणून ३० चा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपेची गोळी देणे होय.

वायरीच्या जाडीबाबत काटकसर करण्याची प्रवृत्ती फार. तिचा परिणाम दिव्यात दिसतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन मीटर वायरीतून नऊ अँपिअर नेल्यास वाटेत सुमारे ०.२ व्होल्ट खर्ची पडतात. तीच वायर पाऊण चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.६ व्होल्टहून अधिक. हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. सबब बारीक वायर वापरणाऱ्याने दिव्यांसाठी मोजलेल्या पैशांतील सहावा हिस्सा वायर तापविण्यातच घालविला, असे समजावे. परतीच्या वाटेचा, म्हणजे अर्थचा, हिशेबही हाच. रंगविलेल्या पत्र्यावर स्क्रू पिळून अर्थ मिळत नाही. रंग खरवडून, थिंबल लावून, नट घट्ट आवळून व वर ग्रीस फासून तो घ्यावा लागतो. कोकणच्या खाऱ्या हवेत ही काळजी दुप्पट घेतलेली बरी. इंजिन व केबिन यांमधील पत्र्यातून वायर आत नेताना छिद्रास रबरी बुश बसविणे विसरू नये. बुशाविना नेलेली वायर गाडीच्या थरथरीने काही महिन्यांत सोलली जाते.

जुन्या व नव्या गाड्यांतील भेद

वरच्या झोताची वायर शोधण्याची रीत सोपी आहे. टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावून पाहावे: अप्पर दिला की १२ व्होल्ट, डिपर दिला की शून्य. मात्र काही गाड्यांत, विशेषतः जपानी धाटणीच्या, नेमके उलट दिसते आणि अनुभवी मिस्त्रीदेखील बुचकळ्यात पडतो. अशा गाड्यांत दिव्यास धन वायर सामाईक असते आणि बटण अर्थच्या बाजूस बसविलेले असते. तेथे अप्परच्या वायरीवर झोत विझलेला असताना व्होल्टेज दिसते व पेटलेला असताना ते नाहीसे होते. त्या गाडीत रिलेच्या वेटोळ्याचे एक टोक, बटण व लहान फ्यूज यांमधून, धन बाजूस आणि दुसरे टोक अर्थऐवजी त्या अप्परच्या वायरीस जोडावे लागते. तत्त्व तेच, दिशा उलटी.

अलीकडच्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांत दिव्यांचा कारभार छोट्या संगणकाकडे असतो. तो प्रवाहावर सतत नजर ठेवतो आणि काही गाड्यांत तर अखंड प्रवाहाऐवजी जलद ठोके पाठवितो. अशा ठोक्यांवर साधा रिले थडथडत राहतो किंवा संगणक दोषाची सूचना दाखवितो. एलईडी हेडलाईट असलेल्या नव्या गाडीची वायर रस्त्यावरच्या कारागिराकडून सोलून घेणे म्हणजे हमीवर पाणी सोडणे होय. त्या गाडीसाठी उत्पादकानेच पुरविलेली जोडणी मिळत असेल तर ती घ्यावी, नसेल तर मोह आवरावा.

जादा दिवेही आता बहुधा एलईडीचे मिळतात. त्यांना प्रवाह कमी लागतो, ही त्यांची जमेची बाजू. पण कमी वॉट म्हणजे कमी प्रकाश नव्हे. बाजारात विकल्या जाणाऱ्या कित्येक लांबोळ्या पट्ट्यांच्या झोतास काही आकारच नसतो. त्यांचा उजेड रस्त्याइतकाच झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांतही पडतो. रिले कितीही चोख बसविला तरी अशा दिव्याचा दोष झाकला जात नाही.

कायदा काय म्हणतो

नियम १०६ मध्ये समोरच्यास दिपविणार नाही अशा झोताचे मोजमाप दिले आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, असा मनुष्य दिपता कामा नये. दीड मीटर ही उंची स्थूलमानाने दुचाकीस्वाराच्या व छोट्या मोटारीतील चालकाच्या नजरेजवळची, हे सहज ध्यानात येईल. दिव्याचा झोत एक तर कायमचा खाली वळविलेला असावा, किंवा चालकास तो हवा तेव्हा खाली वळविता अथवा विझविता यावा, असा या नियमाचा आशय आहे. डिपरशी न जोडलेले जादा दिवे या कसोटीस उतरत नाहीत. नियम १११ अन्वये वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट बसविण्यास नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीखेरीज मनाई आहे. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळे होईल असा बदल मालकास परस्पर करता येत नाही. तेव्हा दिवे विकत घेण्यापूर्वी नजीकच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट. दुकानदाराचे ‘सगळेच लावतात’ हे उत्तर रस्त्यावरील तपासणीत उपयोगी पडत नाही.

जोडणी पुरी झाल्यावर गाडी सपाट जागी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करावी. जादा दिव्यांच्या झोताचा मध्य भिंतीवर दिव्याच्याच उंचीवर किंवा किंचित खाली पडला पाहिजे. नंतर मागच्या आसनावर माणसे बसवून आणि डिकीत सामान भरून पुन्हा पाहावे. मागची बाजू दबली की पुढचा झोत वर उचलला जातो आणि रिकाम्या गाडीवर लावलेले माप खोटे ठरते. मग एकाने चालकाच्या जागी बसावे व दुसऱ्याने गाडीसमोर काही अंतरावर उभे राहावे. डॅशबोर्डवरचा निळा दिवा पेटला की चारही झोत पेटावेत. तो विझताच, रिलेचा ‘टक्’ आवाज होऊन, दोन्ही जादा दिवे विझावेत. त्यानंतर अप्पर बंद ठेवून जादा दिव्यांचे बटण दहा वेळा दाबून पाहावे. एकदाही दिवा लागला, तर जोडणी उकलून पुन्हा करावी आणि ती होईपर्यंत त्या दिव्यांचा फ्यूज काढून ठेवावा.